पायरेट्सच्या शेतात यंदा काय पिकलंय? – ग्रिफिन, चँडलर आणि बाकीची पोरं

तीननद्या | 23 नोव्हेंबर 2025, रात्री 10.40

यंदा आमच्या बेसबॉल टीमच्या, पिट्सबर्ग पायरेट्सच्या, अकरा मॅचेस मैदानात जाऊन पाहिल्या. त्यातल्या आठ हरलो. पण सीझनमधली सगळ्यात झकास संध्याकाळ कुठली म्हणाल, तर ती पिट्सबर्गात नव्हतीच. ती अल्टूनात होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अल्टूना म्हणजे आमच्यापासून पूर्वेला गाडीने दोन तासांवरचं जुनं रेल्वेचं गाव. डोंगर चढायला रुळांना तिथे घोड्याच्या नालासारखं मोठं वळण दिलंय, त्यावरून टीमचं नाव 'कर्व्ह'. पायरेट्सच्या 'शेतातली', म्हणजे नवी पोरं तयार करणाऱ्या खालच्या टीम्सपैकी, डबल ए टीम. मैदान छोटंसं, आणि राइट फील्डच्या कुंपणामागे चक्क जुना लाकडी रोलर कोस्टर उभा. सीझनच्या शेवटच्या आठवड्यांत लेकाला घेऊन गेलो होतो, कारण कॉनर ग्रिफिन तिथे पोचला होता.

पोरगा 19 वर्षांचा. सहा फूट चारच्या आसपास उंची, खांदे एखाद्या मालवाहू गाडीसारखे. एवढ्या अंगाचा माणूस शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला चपळ फील्डर) खेळतो हेच आधी डोळ्यांना पटत नाही. तो वॉक घेऊन (चार चुकीचे बॉल पडले की पहिला बेस फुकट) पहिल्या बेसवर आला. आम्ही त्याच बाजूला, तिसऱ्या रांगेत. पिचरने त्याला अडकवायला एकदा बॉल पहिल्या बेसवर फेकला. पुन्हा फेकला. आता नवीन नियमाप्रमाणे दोनच वेळा फुकट मिळतात. तिसऱ्यांदा फेकून आउट नाही झाला तर धावणाऱ्याला पुढचा बेस आंदण. ग्रिफिनला हे ठाऊक, पिचरला ठाऊक, शेजारी शेंगा सोलत बसलेल्या आजोबांनाही ठाऊक. गडी आणखी एक पाऊल पुढे सरकला, गुडघे वाकवले, आणि सुटला. कॅचरचा बॉल दुसऱ्या बेसवर पोचला तेव्हा हा उभा राहून पँटची माती झटकत होता. आजोबांनी मान वर न करता म्हटलं, "हा इथे फार दिवस नाही."

आता मुद्द्यावर येतो. नाहीतर कीर्तन व्हायचं.

यंदाचा निकाल: 71 विजय, 91 पराभव. मे महिन्यात 12-26 अशी अवस्था असताना मॅनेजर डेरेक शेल्टनला नारळ दिला आणि इथलाच पोरगा डॉन केली याला बसवलं. त्याच्या हाताखाली 59-65. म्हणजे वाईट, पण लाज वाटण्याइतकं नाही. पिचिंग अव्वल. पॉल स्कीन्सने 1.97 च्या ईआरएने (नऊ इनिंग्जमागे दिलेले रन, जितके कमी तितकं बरं) एकमताने साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं अवॉर्ड घेतलं. पायरेट्सकडे हे याआधी फक्त दोघांनी आणलंय: 1960 ला व्हर्न लॉ आणि 1990 ला डग ड्रेबेक. आणि एवढं करून या बाबाचा स्वतःचा विजय-पराभवाचा हिशेब काय? 10-10! साय यंग घेणारा स्टार्टर आणि जेमतेम बरोबरी. यावरून आमच्या फलंदाजीचं... सॉरी, बॅटिंगचं काय ते समजून घ्या. होम रन्समध्ये सबंध मेजर लीगमध्ये तळाला.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर: या टीमला पिचर घडवता येतात, बॅटर घडवता येत नाहीत, आणि ग्रिफिनमुळे आपण ही गोष्ट विसरणार आहोत.

पुरावा बघा, ड्राफ्टचा (दरवर्षी टीम्स नंबराने नवी पोरं निवडतात तो). 2020 ला सातव्या नंबरवर निक गोन्झालेस घेतला, 2021 ला अख्ख्या ड्राफ्टमध्ये पहिला म्हणून हेन्री डेव्हिस, 2022 ला चौथ्या नंबरवर टर्मार जॉन्सन. तिघेही घेतले ते बॅटच्या जोरावर. गोन्झालेस ठीकठाक सेकंड बेसमन झालाय. डेव्हिसची यंदाची सरासरी .167, म्हणजे सहा वेळा मारायला गेला की एक हिट. (स्कीन्सला कॅचर म्हणून तोच बरा वाटतो म्हणतात. चांगलंय. पण पहिल्या नंबरवर घेतलेला माणूस फक्त बॉल छान झेलतो म्हणून ठेवायचा?) टर्मारला ड्राफ्टच्या वेळी 'शाळकरी पोरांतला सगळ्यात तयार बॅटर' म्हणून मिरवला होता. तो अल्टूनात अजून वॉक घेतोय, पळतोय. चेंडू काही कुंपणाबाहेर जात नाही.

आणि ज्यांनी इतकी वर्षं मारलं ते कोण? ब्रायन रेनॉल्ड्स, तो जायंट्सच्या शेतातला, मॅककचनला देऊन आणलेला. ओनिल क्रूझ, डॉजर्सचा, 2017 ला टोनी वॉटसनच्या बदल्यात आलेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पिचिंगकडे मात्र रांग लागलीय. बबा चँडलर ऑगस्टमध्ये वर आला, पहिल्याच मॅचमध्ये चार इनिंग्ज शून्य रन. हंटर बार्को सप्टेंबरमध्ये आला. जॅरेड जोन्स कोपराच्या ऑपरेशनमधून सावरतोय. आणि यंदा सहाव्या नंबरवर सेथ हर्नांडेझ घेतला, कॅलिफोर्नियातला शाळकरी राइटी, ज्याने प्रोफेशनल मॅचमध्ये अजून एक बॉलही टाकलेला नाही. म्हणजे घरात तांदळाची पोती आहेत आणि डाळीचा डबा रिकामा.

बोला मंडळी. विशेषतः ज्यांनी ही पोरं प्रत्यक्ष खेळताना पाहिलीत त्यांनी लिहा.

---

कट्टेकरी | 23 नोव्हेंबर, रात्री 11.15

मी दादरचा, क्रिकेटशिवाय काही कळत नाही, पण रोलर कोस्टरपर्यंत आवडीने वाचलं. एक बाळबोध प्रश्न: हे मायनर लीग म्हणजे आपली रणजी का? आणि डबल ए, ट्रिपल ए हे काय बॅटरीचे सेल आहेत?

---

तीननद्या | 23 नोव्हेंबर, रात्री 11.32

@कट्टेकरी, हसलो. बॅटरीचे सेल माझ्या बायकोनेही लग्नानंतर पहिल्यांदा हेच विचारलं होतं.

रणजीशी तुलना अर्धीच बरोबर. रणजीत मुंबई ही स्वतः एक टीम आहे, तिला स्वतःसाठी जिंकायचं असतं. इथे असं समज की भारतीय टीमचा एक मालक आहे, आणि रणजीतली एक टीम, कांगा लीगमधली एक टीम आणि शिवाजी पार्कातलं एक शिबिर, या सगळ्यातल्या पोरांचे पगार आणि बदल्या त्याच्याच हातात आहेत. पोरगा कांगात शतकं ठोकायला लागला की मालक त्याला मॅच संपल्यावर सांगतो, बॅग भर, उद्या रणजी. मग कांगाची टीम हरो नाहीतर बुडो.

पायरेट्सच्या पायऱ्या खालून वर: ब्रॅडेंटन (फ्लोरिडा, सिंगल ए), ग्रीन्सबरो (नॉर्थ कॅरोलायना, हाय ए), अल्टूना (डबल ए), इंडियानापोलिस (ट्रिपल ए). ग्रिफिनने यंदा एका वर्षात पहिल्या तिन्ही पायऱ्या चढल्या. 122 मॅचेस, सरासरी .333, 21 होम रन, 65 स्टील्स (चोरलेले बेस). शाळेतून थेट आलेल्या पोराचं पहिलं वर्ष आहे हे!

---

कट्टेकरी | 23 नोव्हेंबर, रात्री 11.38

अरे बापरे, म्हणजे मुंबईचा सिलेक्टर तरी बरा. पगार किती असतो या कांगावाल्यांना?

---

तीननद्या | 23 नोव्हेंबर, रात्री 11.50

2023 मध्ये पहिल्यांदा युनियनचा करार झाला, त्यात डबल एचा किमान पगार वर्षाला 30,250 डॉलर ठरला. त्याआधी 13,800 होता. मेजर लीगमध्ये यंदा किमान 7,60,000. अल्टूना ते पिट्सबर्ग दोन तासांचा रस्ता, पण पगारात हा एवढा डोंगर मध्ये. ग्रिफिनला ड्राफ्टच्या वेळीच साडेसहा मिलियन मिळालेत, त्याला चिंता नाही. पण त्याच्या बाजूला उभा राहणारा, अठराव्या फेरीत घेतलेला सेकंड बेसमन हिवाळ्यात कुठेतरी गोदामात काम करत असतो.

---

गवतातली_तुळस | 24 नोव्हेंबर, सकाळी 7.05

मी ग्रीन्सबरोजवळ राहते. नवऱ्याचं ऑफिस मैदानापासून चालत अंतरावर, त्यामुळे उन्हाळ्यात आठवड्याला एक मॅच ठरलेली. ग्रिफिनला मी दहा-बारा वेळा तरी पाहिलंय, म्हणून थोडं पाणी ओतते. रागवू नका.

ग्रीन्सबरोचं मैदान बॅटर लोकांचं माहेर आहे. कुंपण जवळ. इथे ज्या पोरांनी पंधरा-पंधरा होम रन मारले आणि अल्टूनात गेल्यावर ज्यांचे पाच झाले, अशांची यादी मोठी आहे. तेव्हा पायरेट्सचा कुठलाही बॅटर ग्रीन्सबरोत चमकला की मी आधी बॉल कुठे पडला ते बघते. कुंपणाच्या काठावर पडला की मी टाळ्या वाजवत नाही.

पण (आणि म्हणून लिहितेय) ग्रिफिनचे जे मी पाहिले ते काठावरचे नव्हते. आणि मला त्याच्यात जास्त काय आवडलं सांगू? स्ट्राइकआउट झाल्यावर तो डगआउटमध्ये जाऊन हेल्मेट आपटत नाही. कठड्याला टेकून पुढच्या बॅटरला पिचर काय टाकतोय ते बघत उभा राहतो. माझी मुलगी सॉफ्टबॉल खेळते, तिला मी तेच दाखवत होते.

ड्राफ्टच्या वेळी सगळे म्हणत होते की अंगाने राक्षस, पण बॅटला बॉल लागेल की नाही शंका. म्हणून तर नववा आला, नाहीतर वरच गेला असता.

---

चीजनगरी | 24 नोव्हेंबर, सकाळी 8.20

मिल्वॉकीकर (ब्रूअर्सवाला) हजर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तीननद्या, तुमचं दरवर्षी हेच असतं. नोव्हेंबरात प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरं), मे महिन्यात रडारड. आमचं शहर तुमच्याहून लहान बाजारपेठ, मालक आमचाही पैशाचा पाऊस पाडत नाही. यंदा 97 विजय, संपूर्ण मेजर लीगमध्ये सर्वाधिक. 'छोट्या शहराची टीम आहे हो, आम्ही गरीब' हे रडगाणं आम्हाला नका ऐकवू.

---

तीननद्या | 24 नोव्हेंबर, सकाळी 8.41

आणि मग प्लेऑफमध्ये डॉजर्सनी चार मॅचेसमध्ये तुमचा चारीमुंड्या चीत निकाल लावला ते राहिलं वाटतं लिहायचं :-)

पण खरं सांगतो, तुझ्या टोमण्यात तथ्य आहे, आणि तेच जास्त झोंबतं. 'मालक पैसे काढत नाही' हे आमच्याकडे सगळ्या रोगांवरचं एकच निदान झालंय. बॉब नटिंगच्या नावाने मैदानात 'सेल द टीम'चा गजर होतो, त्यात मीही ओरडलोय. खिसा घट्ट आहे यात वाद नाही. शंभर मिलियनच्या वरचा करार पायरेट्सच्या इतिहासात एकच झालाय, रेनॉल्ड्सचा, 2023 ला. पण डेव्हिसला .167 मारायला नटिंगने सांगितलं नव्हतं. टर्मारची पॉवर नटिंगच्या तिजोरीत अडकलेली नाही. पोरांना बॅटिंग शिकवणं ही पैशाहून जास्त अक्कलेची गोष्ट आहे, आणि सहा वर्षं बेन चेरिंग्टन जनरल मॅनेजर आहे. इतक्या वर्षांत फार्ममधून वर येऊन टिकलेला, धडकी भरवणारा एक बॅटर मला दाखवा.

---

चीजनगरी | 24 नोव्हेंबर, सकाळी 8.55

चला, निदान हे तरी मान्य केलंत. आमच्याकडे जॅक्सन चुरिओ या पोराला मेजर लीगमध्ये एक बॉल खेळायच्या आधी आठ वर्षांचा 82 मिलियनचा करार दिला होता. ग्रिफिनला तुम्ही द्याल?

---

नाना_पेनहिल्स | 24 नोव्हेंबर, सकाळी 10.10

मी 1970 च्या सप्टेंबरात इथे आलो. तेव्हा थ्री रिव्हर्स स्टेडियम नवं कोरं होतं. मंदिर झालं नव्हतं, भारतीय किराणा नव्हता, तूर डाळ न्यूयॉर्कहून यायची. माझ्या लॅबमधल्या एका पोलिश मित्राने पहिल्यांदा मॅचला नेलं आणि राइट फील्डकडे बोट दाखवून म्हणाला, फक्त त्या माणसाकडे बघ, बाकी नियम नंतर कळतील. तो क्लेमेंटे. भिंतीजवळून बॉल उचलून थेट तिसऱ्या बेसवर, एक टप्पाही नाही. क्रिकेटमध्ये मी तसा थ्रो तोवर पाहिला नव्हता.

त्याने 30 सप्टेंबर 1972 ला तीन हजारावा हिट मारला तेव्हा मैदानात 13,117 माणसं होती. त्यातली पन्नास हजार मला आजवर भेटली आहेत. मी नव्हतो. माझा त्या दिवशी एक प्रयोग चालू होता आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तीन महिन्यांनी, वर्षाच्या शेवटच्या रात्री, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं. त्यातच तो गेला.

तीननद्या यांच्या मुद्द्याला माझी पुस्ती: क्लेमेंटेसुद्धा आमच्या शेतातला नव्हे. तो डॉजर्सचा. त्यांनी त्याला माँट्रियलच्या टीममध्ये झाकून ठेवला होता, आणि 1954 च्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये (दुसऱ्या टीमने राखून न ठेवलेला पोरगा उचलायची सोय) पायरेट्सनी उचलला. तो नियम आजही आहे, दर डिसेंबरला. दुसऱ्याच्या शेतातलं चांगलं रोप ओळखणं हाही एक धंदाच आहे.

पण बॅटर म्हणाल तर स्टार्जेल आमचा होता. बाँड्स आमचा होता. मॅककचन आमचा होता. तेव्हा येत नाही असं नाही. विसरलेत.

---

गवतातली_तुळस | 24 नोव्हेंबर, सकाळी 10.32

नाना, 'त्यातली पन्नास हजार मला भेटली' _/\_

---

तीननद्या | 24 नोव्हेंबर, दुपारी 12.15

नानाकाका, तुम्ही धाग्यावर आलात हेच खूप. 'विसरलेत' हा शब्द अगदी नेमका पडला. जोश बेलने 2019 ला 37 होम रन मारले तेव्हा आम्हाला वाटलं होतं, घराला कर्ता मुलगा मिळाला. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो वॉशिंग्टनला.

चीजनगरी, ग्रिफिनच्या कराराबद्दल: मी असतो तर आज दिला असता. यात धोका आहे हे मान्य, कारण केब्रायन हेझ. 2022 ला आठ वर्षांचे 70 मिलियन त्याला दिले तेव्हा मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. ग्लव्ह सोन्याचा, पाठ मात्र दुखरी, आणि बॅट दरवर्षी आणखी बारीक. यंदा जुलैमध्ये तो सिनसिनाटीला रवाना. दुधाने तोंड पोळलंय, पण म्हणून ताक प्यायचंच नाही असं थोडंच?

---

इंडीची_वारी | 24 नोव्हेंबर, दुपारी 1.05

इंडियानापोलिसहून. वाचनमात्र असतो, पण चँडलरचा विषय निघाला म्हणून लॉग इन केलं.

बबा चँडलरला मी इथे एप्रिल-मेमध्ये पाहिला तेव्हा ट्रिपल एचे बॅटर त्याच्यापुढे शाळकरी दिसत होते. शंभर माइलचा बॉल, आणि मागोमाग असा चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला बॉल) की बॅटर आधीच फिरवून मोकळा. हा क्लेम्सन कॉलेजला फुटबॉलचा क्वार्टरबॅक म्हणून जाणार होता, तो खांदा दिसतो. पण वर बोलावणं काही येईना. जून गेला, जुलै गेला. मग त्याचे वॉक्स वाढले. माझ्यासारख्या स्टँडमधल्या माणसालाही दिसत होतं की पोराचं लक्ष इथे नाही. परीक्षेचा पेपर लिहून झालाय आणि सुपरवायझर तीन तास उठू देत नाही, तशी अवस्था. ऑगस्ट 22 ला सोडला एकदाचा.

यामागे 'सर्व्हिस टाइम'चं गणित होतं असं इथले सगळे म्हणतात. टीम म्हणते कंट्रोल सुधारायचा होता. तुम्ही कुणावर विश्वास ठेवता?

---

कट्टेकरी | 24 नोव्हेंबर, दुपारी 1.20

सर्व्हिस टाइम म्हणजे? (माझ्या ऑफिसात याचा अर्थ गाडी सर्व्हिसिंगला टाकणे.)

---

तीननद्या | 24 नोव्हेंबर, दुपारी 1.48

@कट्टेकरी, ऐक. पोरगा मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा पूर्ण वर्षं तो टीमच्या मुठीत. पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगार, मग लवादात थोडी वाढ, आणि सहा भरली की फ्री एजंट, म्हणजे बाजारात खुला. आता 'पूर्ण वर्ष' मोजतात दिवसांवर. दोन-तीन आठवडे उशिरा वर आणलास की ते वर्ष अपूर्ण राहतं आणि टीमला सातवं वर्ष जवळजवळ फुकट. त्यामुळे तयार पोरालाही 'अजून जरा शिकू दे' म्हणत खाली बसवायची जुनी खोड.

हे बंद व्हावं म्हणून नवीन नियम केला: नावाजलेला पोरगा सुरुवातीपासून वर ठेवला आणि तो रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू) ठरला, तर टीमला ड्राफ्टमध्ये एक जादा पिक बक्षीस. आणि उलट, उशिरा आणलेला पोरगा त्या मतदानात पहिल्या दोघांत आला, तर त्याला पूर्ण वर्ष आपोआप मिळणार.

आता स्कीन्सची गंमत बघ. 2024 ला त्याला 11 मेपर्यंत इंडियानापोलिसला ठेवला. तो वर आला, 1.96 चा ईआरए टाकला, रुकी ऑफ द इयर झाला. परिणाम? त्याला पूर्ण वर्ष मिळालंच. आणि सुरुवातीपासून नव्हता म्हणून टीमला जादा पिक नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती आलं ते धुपाटणं. त्याचा सहा वर्षांचा हिशेब 2029 ला संपतो.

म्हणून @इंडीची_वारी, माझं उत्तर: दोन्हींत थोडं तथ्य असेल. पण ज्या दुकानदाराने मागे एकदा मापात मारलंय त्याचा तराजू आपण दुसऱ्यांदा वाकूनच बघणार.

---

ब्रॅडेंटनचा_बाळू | 24 नोव्हेंबर, संध्याकाळी 6.30

सगळ्यात खालच्या पायरीवरून नमस्कार. इथे 'पायरेट सिटी' म्हणून सरावाची मैदानं आहेत, टीमचा फेब्रुवारी-मार्चचा मुक्काम इथेच.

तुम्ही सगळे ग्रिफिनवर अडकलात. मी वेगळं नाव देतो: एडवर्ड फ्लोरेंटिनो. डोमिनिकनचा, डावखुरा, उंच, सबंध सीझन अठराव्या वर्षात खेळला. वर्षाच्या सुरुवातीला हे नाव कुठल्याही यादीत नव्हतं. मी त्याला मेमध्ये पाहिला तेव्हा स्कोअरबोर्डवर नाव शोधावं लागलं होतं. ऑगस्टमध्ये इतर टीमचे स्काउट रडार गन खाली ठेवून फक्त त्याची बॅटिंग प्रॅक्टिस बघत बसायचे. बॉलवर त्याची नजर म्हातारी आहे, वयाच्या मानाने. आणि वर एस्मर्लिन वाल्डेझ आहेच, त्याने यंदा 26 होम रन मारलेत आणि ॲरिझोनाच्या फॉल लीगमध्येही धुमाकूळ घातला. ही दोन्ही पोरं ड्राफ्टची नाहीत, सोळा-सतराव्या वर्षी डोमिनिकनमध्ये सही केलेली. म्हणजे बॅटर घडवता येत नाहीत हे तुमचं वाक्य ड्राफ्टपुरतं खरं धरा.

अवांतर: 2009 ला मी इथे नवा होतो आणि कुणीतरी सांगितलं की दोन भारतीय पोरं पायरेट्सच्या सगळ्यात खालच्या टीममध्ये आहेत. विश्वास बसेना. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू, टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेले. गेलो बघायला. तिकीट नाही, स्टँड नाही, तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहायचं. उन्हात अंगाची लाही. रिंकू डावखुरा, उंच. कधी त्याचा बॉल अगदी खांबासारखा सरळ यायचा, कधी कॅचरच्या डोक्यावरून. इनिंग संपल्यावर मी कुंपणातून हिंदीत ओरडलो, 'शाबास भाई!' त्याने असा झटकन वळून पाहिलं ना, की मलाच गलबलून आलं. त्या जुलैमध्ये तो अमेरिकेत प्रोफेशनल मॅच जिंकणारा पहिला भारतीय पिचर ठरला. पटेल दोनेक वर्षांत घरी परतला. रिंकू वेस्ट व्हर्जिनियापर्यंत चढला, मग दुखापती, कोपराचं ऑपरेशन, आणि शेवटी कुस्तीच्या टीव्ही शोमध्ये गेला.

त्यांच्यावर सिनेमा निघाला. त्यांच्यासोबत त्या उन्हात उभी असलेली बाकीची वीस पोरं कुठे गेली, देव जाणे.

---

कट्टेकरी | 24 नोव्हेंबर, संध्याकाळी 6.52

बाळू, हे वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा. खरंच.

---

गवतातली_तुळस | 24 नोव्हेंबर, संध्याकाळी 7.10

+१

आणि बाळू, वाल्डेझबद्दल सहमत, पण अर्धेच होम रन मोजा. बरेचसे आमच्या माहेरघरातले आहेत. फॉल लीगसुद्धा बॅटर लोकांचीच.

---

तीननद्या | 24 नोव्हेंबर, रात्री 9.25

बाळू, मी माझं वाक्य दुरुस्त करतो. ड्राफ्टमधले बॅटर घडवता येत नाहीत, असं म्हणू. आणि फ्लोरेंटिनोला मी पाहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या डोळ्यांवर विसंबतो. पण सिंगल एमधल्या पोरावर पुढच्या तीन वर्षांचा संसार मांडता येत नाही. ग्लासनो, मेडोज आणि शेन बाझ आपल्याच घरातले होते; 2018 ला ख्रिस आर्चर या एका पिचरसाठी तिघांना टँपाला पाठवलं. आर्चरचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, जेवण व्हायचंय.

आणि हीच माझी खरी भीती. स्कीन्स 2029 पर्यंत आहे. म्हणजे चार सीझन. यांकीजला जायचंय वगैरे अफवा उठली होती, ती त्याने स्वतः उडवून लावली, तो विषय नाही. पण डिसेंबर 2026 ला मालक आणि खेळाडूंच्या युनियनमधला करार संपतोय, संप नाहीतर टाळेबंदी झाली तर त्या चारातलं एक वर्ष अर्धं जाऊ शकतं. उरली तीन-साडेतीन. त्यात ग्रिफिन वर येऊन स्थिरावणार कधी, फ्लोरेंटिनो पोचणार कधी? या हिवाळ्यात दोन तयार बॅट विकत आणायलाच हव्यात. बाजारातून, आणि जमलं तर जादा पिचर देऊन. चँडलर सोडून. चँडलरला हात लावलात तर मी ड्रम घेऊन क्लेमेंटे ब्रिजवर बसेन.

---

चीजनगरी | 24 नोव्हेंबर, रात्री 9.40

पिचर द्यायचा म्हणजे कोण? मिच केलर? त्याला 77 मिलियनचा करार दिलाय तुम्ही. घेणारा आधी पैसे मागेल.

---

इंडीची_वारी | 24 नोव्हेंबर, रात्री 9.58

केलरला द्यायचं तर अर्धा सीझन बघून द्यायचं. त्याचा एप्रिल-मे बघून लोक प्रेमात पडतात आणि ऑगस्टमध्ये घटस्फोट मागतात.

---

नाना_पेनहिल्स | 25 नोव्हेंबर, सकाळी 6.45

पहाटे जाग आली म्हणून सगळं पुन्हा वाचलं.

ग्रिफिनला पहिल्या दिवसापासून वर आणा, असा तुम्हा सर्वांचा सूर दिसतो. माझं मत वेगळं आहे आणि म्हाताऱ्याचं म्हणून सोडून दिलंत तरी चालेल. त्याने डबल एमध्ये किती मॅचेस खेळल्या? एकवीस. ट्रिपल ए पाहिलेलंच नाही. मार्चअखेरीस थंडीत, वर मारलेला बॉल वारा परत आणतो अशा हवेत, एकोणीस वर्षांच्या पोराला पंचवीस हजार लोकांसमोर उभं करायचं, आणि दोन आठवडे हिट नाही मिळाला की हीच माणसं रेडिओवर फोन करून शिव्या देणार. 1993 ते 2012 सलग वीस वर्षं मी पराभवाचे सीझन पाहिले. त्यात अशी किती पोरं आली. घाईघाईने पोळपाटावरून उचललेली पोळी तव्यावर फाटते. इंडियानापोलिसला सहा-आठ आठवडे राहू द्या. पिकची लालूच आणि सर्व्हिस टाइमची लालूच, दोन्ही बाजूला ठेवून फक्त पोराकडे बघा.

---

तीननद्या | 25 नोव्हेंबर, सकाळी 7.30

काका, सोडून कसं देऊ. काल रात्री लेकाशी याच विषयावर भांडण झालं. तो तुमच्या बाजूने आहे. म्हणतो, "बाबा, तुम्हाला तो लवकर हवाय कारण तुम्ही वाट बघून कंटाळलात. त्यात त्याचा काय दोष?"

बारा वर्षांचा आहे. उत्तर सुचलं नाही, म्हणून झोपायला पिटाळला.

तरी माझं मत: पहिल्या दिवसापासून वर. पण पैज लावायची तर मी मे महिन्यावर लावीन.

---

चीजनगरी | 25 नोव्हेंबर, सकाळी 7.44

मी जूनवर. हरणाऱ्याने मिसळ पाठवायची, फ्रीझरमधली चालणार नाही.

---

नाना_पेनहिल्स | 25 नोव्हेंबर, सकाळी 8.05

एप्रिलमध्ये अल्टूनाला जाणार असशील तर मला फोन कर. गाडीत मागे बसेन, डबा मी आणतो. टर्मारची बॅटिंग एकदा जवळून बघायची आहे, तुम्ही सगळ्यांनी त्या पोराला फारच लवकर निकालात काढलंय.

---

तीननद्या | 25 नोव्हेंबर, सकाळी 8.12

नक्की, काका. तिसऱ्या रांगेतच बसू. ते शेंगावाले आजोबा भेटले तर तुम्हीच बोला त्यांच्याशी, 30 सप्टेंबर 1972 ला ते मैदानात होते म्हणे.